बसायचं का?

गुरुवारी आमची टोळी पीत नाही. गुरुवार साईबाबाचा. बुधवारी रात्री बारा वाजेपर्यंत पितात आणि शुक्रवारी पाळी सुटली की पुन्हा बसतात. आठवड्यातला एक दिवस देवाच्या नावावर टाकला की उरलेले सहा दिवस आपल्या बापाचे, असा हा रोकडा व्यवहार आहे. मी या टोळीत पाच वर्षं आहे. इंदिरा डॉकवर ठेकेदाराच्या हजेरीवर काम करतो, लोखंडाच्या कॉइली आणि जे काय येईल ते उतरवतो. शिक्षण दहावी पास. कविता करतो हे टोळीत दोघांनाच ठाऊक आहे. आणि मी पितो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं व्यसनमुक्तीवाला कोणी महाराज बोलायला उभा राहिलाय. शेवटचं प्यालो त्याला सात आठवडे झाले. पुढचं मलाच माहीत नाही.

शेवटचं प्यालो ते शिर्डीत. तिथूनच सुरू करतो.

आमची टोळी वर्षातून एकदा शिर्डीला जाते. टेम्पो ट्रॅव्हलर करतात, मुकादमासकट अकरा माणसं. जाताना कसारा घाटात, घोटीत, सिन्नरला कुठंही गाडी थांबली तरी कोणी बाटलीला शिवत नाही. दर्शन व्हायचं असतं. रांगेत तीन तास उभं राहून दर्शन झालं, लाडूची पाकिटं घेतली, की लॉजच्या खोलीत जुना पेपर अंथरला जातो. त्यावर शेव, फुटाणे, कांदा, लिंबू. ग्लास. मग सगळे माझ्याकडं बघतात. कारण मी इथलाच. राहाता तालुक्यातली आमची वस्ती, शिर्डीपासून सायकलवर पाऊण तासाची.

'तुला दुकान माहीत असंल. तू आण.'

दुकान मला माहीत होतंच. शिर्डीत दारूचं दुकान म्हटलं की मला जे माहीत आहे ते त्या खोलीतल्या दहा जणांपैकी एकालाही माहीत नव्हतं. दोस्तांनो, तुम्हाला असेल. मे २०१५. नात्यातल्या लग्नासाठी शिर्डीत आलेला आपला एक पोरगा, नर्सिंगचं शिकणारा, भावंडांबरोबर दारूच्या दुकानात गेला. त्याचा मोबाईल वाजला. रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची होती. तिथं पीत बसलेल्या, जातीनं वरच्या पोरांनी ती बंद कर म्हणून सांगितलं. तिथंच मारहाण झाली, मग मोटारसायकलवर घालून त्याला गावाबाहेर नेलं आणि मारून टाकलं. 'सबका मालिक एक' असं भिंतीभिंतीवर रंगवलेल्या गावात हे झालं. २०१३ ला सोनई, २०१४ ला खर्डा, २०१५ ला शिर्डी, हे आमच्या नगर जिल्ह्याचं ओळीनं तीन वर्षांचं प्रगतिपुस्तक. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय. शिर्डीची लोकसभेची जागा २००९ च्या निवडणुकीपासून आपल्यासाठी राखीव आहे. खुर्ची दिल्लीत राखीव, दारूच्या दुकानातली नाही.

मी तेव्हा दहावीच्या निकालाची वाट बघत होतो. माझ्याकडं बटणाचा जुना फोन होता, आणि त्यावर तसलीच धून होती. आमच्या वस्तीत सगळ्याच पोरांच्या फोनवर होती. बातमी आली त्या रात्री आईनं माझा फोन मागितला. तिला तो चालवता येत नव्हता. हातात धरून नुसती बघत बसली आणि म्हणाली, 'ह्याचा आवाज काढून टाक बाबा. निस्ता थरथरू दे.' मी काढला. रिंगटोन पुन्हा लावली ती मुंबईत आल्यावर. मुंबई मोठी आहे, इथं कोणी विचारत नाही, असं तेव्हा वाटलं होतं.

तर शिर्डीत मी खाली उतरलो, दोन खंबे आणले. त्या रात्री तिसऱ्या पेगला माझा फोन वाजला. भीमगीताची धून, चांगली मोठी. आणि कोणी काही म्हणायच्या आत माझा अंगठा बटणावर गेला होता. मी विचार केला नाही. अंगठ्यानं केला. खोली दोन क्षण शांत झाली. मुकादम हसून म्हणाला, 'अरे वाजू दे की! आपल्यात कुठं तसलं काय असतं?' सगळे हसले. मीही हसलो. ग्लास उचलला. फोन आईचा होता, पोरगं तालुक्यात आलंय तर घरी येतंय का ते विचारायला. मी तो सकाळी बघितला.

मुकादम माणूस वाईट नाही. हे मी उपरोधानं म्हणत नाही. त्यानं 'वाजू दे' म्हटलं ते मनापासून म्हटलं. मला जे लागलं ते हेच, की माझ्या फोनला वाजायची परवानगी त्यानं दिली, आणि ती मला लागते हे माझ्या अंगठ्याला आधीपासून पाठ होतं. पाच वर्षं ज्यांच्याबरोबर बसलो, ज्यांच्या ताटातला कांदा खाल्ला, त्यांच्यात मी आवाज काढून टाकून बसलो होतो. कोणी दमदाटी केली नाही, कोणाच्या हातात बाटली फुटली नाही. बसायची फी होती ती. मी भरली.

दारूवर लिहिणारे पुष्कळ आहेत, लिव्हरची चित्रं दाखवणारे पुष्कळ आहेत. मला बसण्यावर लिहायचंय. एकटा प्यायला की त्याला बेवडा म्हणतात, चौघांत प्यायला की दिलदार म्हणतात. दारू तीच, लिव्हर तेच. या शहरात 'बसायचं का?' हा प्रश्न मैत्रीचा पासपोर्ट आहे. नाही म्हणणारा माणूस शिष्ट, कंजूस, बायकोला घाबरणारा, किंवा मुकादमाचा खबऱ्या. 'नको' म्हटलं की कारण द्यावं लागतं. 'हो' म्हटलं की कधीच कारण द्यावं लागत नाही.

आणि खरं सांगायचं तर माणूस का बसतो ते मला ठाऊक आहे, म्हणून मला बसणाऱ्यांचा राग येत नाही. दुपारी हॅचमध्ये उतरून बघा. जहाजाचं लोखंड तापलेलं, वरून क्रेनची स्लिंग खाली येतेय, घाम डोळ्यात जातोय आणि हात मोकळे नाहीत. पाळी सुटल्यावर अंगात एक भुंगा उरतो, तो बाहेर काढायला कुठंतरी बसावं लागतं. आता मला सांगा, मुंबईत बसायचं कुठं? मी शिवडीला राहतो ती खोली दहा बाय बाराची, त्यात आम्ही सहा जण पाळीपाळीनं झोपतो. नाक्यावर उभं राहिलं की पोलीस हटकतो. बागेला कुलूप लागतं. हॉटेलात चहा संपला की पोऱ्या फडकं मारायला येतो, म्हणजे उठा. भाऊच्या धक्क्यावर बसलं तर मासळीचं पाणी, रे रोडला दारूखान्यात बसलं तर तुटक्या जहाजाचा पत्रा. (हे दारूखाना नाव तोफेच्या दारूवरून पडलं म्हणतात. आमच्यातल्या निम्म्यांना ते दुसऱ्याच दारूवरून पडलं असं वाटतं, आणि त्यांचं चूक आहे असं म्हणवत नाही.) अख्ख्या शहरात हमालाला पाठीला टेका असलेली खुर्ची, डोक्यावर पंखा, आणि 'बोला शेठ' म्हणणारा माणूस एकाच ठिकाणी मिळतो. बारमध्ये. क्वार्टरचे पैसे देतो तेव्हा आपण निम्मे त्या खुर्चीचे देतो. ज्या शहराला गरिबासाठी बाकडं टाकायला जमत नाही तिथं बारवाला बाकडं विकणारच.

पण खुर्चीचं भाडं किती, ते मोजायला पाहिजे. मी मोजलं. शिर्डीहून आल्यावर मागचा महिना वहीत मांडला. हजेरी सातशे. बावीस हजेऱ्या भरल्या, पंधरा हजार चारशे. महिन्यात नऊ वेळा बसलो. प्रत्येक वेळी कॉन्ट्री काढतात, सरासरी दोनशे चाळीस, झाले दोन हजार एकशे साठ. एकदा माझ्या नावावर पार्टी होती, कारण माझी एक कविता छापून आली होती. (कवितेचं मानधन शून्य, पार्टी नऊशेची.) एक दिवस डोकं उचललं नाही म्हणून खाडा, सातशे गेले. बेरीज तीन हजार सातशे साठ. पगाराचा जवळजवळ चौथा हिस्सा. घरी त्या महिन्यात चार हजार पाठवले होते. म्हणजे आईला आणि टेबलाला मी जवळपास सारखंच पोसतो.

कॉन्ट्री हा प्रकारही समजून घ्या. सगळ्यांनी सारखे पैसे काढायचे, म्हणजे समता. पण नऊशे रुपये हजेरीवाला क्रेनवरचा माणूस आणि पाचशेवाला नवा पोरगा दोघंही दोनशे चाळीस काढतात. जो कमी पितो तो जास्त पिणाऱ्याचं भरतो. आणि पैसे नसतील त्या दिवशी 'राहू दे, पुढच्या वेळी दे' म्हणणारा जो असतो, त्याचं तुम्ही आयुष्यभर देणं लागता. आमच्यात तो मुकादम असतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. कॉइलीची लोखंडी पट्टी सुटून एका पोराचा तळहात फाटला. टाके पडले, तीन आठवडे घरी बसला, हजेरी नाही, भरपाई नाही. आम्ही चौदा जणांनी ठरवलं की सोमवारी हातमोजे आणि बूट मिळाल्याशिवाय हॅचमध्ये उतरायचं नाही. लेखी नाही, तोंडी, पण पक्कं ठरलं होतं. रविवारी संध्याकाळी मुकादमानं सगळ्यांना बसवलं. खंबे ठेकेदाराकडून आलेले, सोबत कोंबडी. मागणीचं कोणी काही बोललं नाही, मुकादमही नाही. ज्याचा हात फाटला होता त्याला सगळ्यात आधी भरून दिलं. डावा हात फाटला होता, उजव्यानं त्यानं ग्लास धरला. रात्री अकराला सगळे एकमेकांच्या गळ्यात गळे घालून रडत होते. सोमवारी सकाळी सात वाजता चौदाच्या चौदा जण हॅचमध्ये. चार महिन्यांनी हातमोजे आले, सहा जोड, धुतल्यावर आकसणारे. मी त्या रविवारी तीन पेग प्यालो. माझा हातमोजा तेवढ्याला गेला.

ठेकेदाराला हे स्वस्त पडतं हे त्याला शाळेत शिकवावं लागलं नाही. निवडणूक लढवणाऱ्यालाही लागत नाही. आमच्याच जिल्ह्यात, नगर तालुक्यातल्या पांगरमलला, फेब्रुवारी २०१७ मध्ये जिल्हा परिषदेच्या निवडणुकीची पार्टी झाली. फुकटची दारू. ती पिऊन माणसं मेली. पोलिसांच्या तपासात निघालं की ती बनावट दारू जिल्हा सरकारी रुग्णालयाच्या आवारातल्या कँटीनमध्ये बनत होती. जिथं विष उतरवायला न्यायचं तिथंच ते भरलं जात होतं. एखाद्या कवीनं ही प्रतिमा लिहिली असती तर संपादकानं अतिशयोक्ती म्हणून खोडली असती.

आता सरकारचं बघू. या राज्यात १९४९ सालचा दारूबंदीचा कायदा आहे. आहे म्हणजे आजही आहे, फक्त मुंबईच्या जागी महाराष्ट्र हे नाव आलंय. त्या कायद्यानं पिणाऱ्याला परवाना लागतो. देशीचा एक दिवसाचा दोन रुपयांचा आणि विदेशीचा पाच रुपयांचा, असे दर आम्ही ऐकत आलो. मला कोणी कधी परवाना मागितला नाही. पण झोपडपट्टीत रेड पडते तेव्हा हाच कायदा खडबडून जागा होतो. बंदीच्या काळात ज्यांच्याकडं डॉक्टरची चिठ्ठी होती ते घरात ग्लास भरून बसायचे आणि आमच्या आज्या-पणज्यांच्या घरातली पिंपं पोलीस लाथेनं उलटवायचे. १९७३ पासून देशी दारू कायद्यानं सुरू झाली. मग सरकारला कळलं की गरिबाची तहान ही बागायती जमीन आहे.

आमच्या तालुक्यात प्रवरानगर आहे, तिथला सहकारी साखर कारखाना आशियातला पहिला म्हणतात. जिल्हाभर कारखाने, आणि कित्येक कारखान्यांना जोडून डिस्टिलरी. उसाची साखर होते, साखर काढून जी काळी मळी उरते तिच्यापासून अल्कोहोल. ऊस तोडायला बैलगाडीखाली झोपणारी माणसं आमची. मळी त्यांची. तीच बाटलीत भरून संत्र्याचं चित्र लावून पुन्हा आमच्या वस्तीच्या तोंडाशी. संत्र्याच्या बागा नागपूरकडं, ऊस आमच्याकडं, तरी बाटलीवर संत्रं. ऊस दाखवायची लाज वाटत असेल.

जून २०२५ मध्ये सरकारनं दारूवरचा कर वाढवला. तिजोरीत जास्तीचे चौदा हजार कोटी येतील असं सांगितलं. देशीच्या १८० मिलीची किमान किंमत ऐंशी रुपये झाली. माझ्या आईला लाडकी बहीण म्हणून महिन्याला दीड हजार येतात. मी महिन्याला तीन हजार टेबलावर टाकतो, त्यातला मोठा भाग करात जातो. म्हणजे आईला पैसे मीच पाठवतोय, सरकारच्या हातून, मधलं कमिशन कापून. वर फोटो भलत्याचाच.

आणि कायद्याची बाटली महाग झाली की पोटात पडायचं तसं पडतंच, फक्त भट्टी बदलते. शिर्डीतला तो खून झाला त्याच्या पुढच्याच महिन्यात, जून २०१५ मध्ये, मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली. तिच्यात मिथेनॉल होतं. कारखान्यात लागणारी ती चीज पोटात गेली की आधी नजर जाते, मग माणूस. त्याआधी २००४ च्या डिसेंबरमध्ये विक्रोळीत ऐंशीच्या वर गेले होते. मालवणीच्या खटल्याचा निकाल २०२४ मध्ये लागला, चौघांना शिक्षा झाली, दहा सुटले. मेलेले कोण होते? रंगारी, रिक्षावाले, बिगारी, सफाईवाले. पाळी सुटल्यावर बसलेले लोक. मिथेनॉलसुद्धा कॉन्ट्री काढूनच प्यायलं जातं.

बायका बाटली आडवी करायला निघतात. मतपत्रिकेवर एक उभी बाटली, एक आडवी बाटली. पण नियम असा की मतदानाला आलेल्या बायकांपैकी निम्म्या नाही, यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त आडवीला पाहिजेत. जी कामावर गेली, जी माहेरी गेली, जी मेली पण यादीत राहिली, त्या सगळ्यांचं मत उभ्या बाटलीला. असल्या नियमात आमदार निवडायचा ठरवला तर किती निवडून येतील ते तुम्हीच मोजा.

राळेगणसिद्धीही आमच्याच जिल्ह्यात. पिणाऱ्याला खांबाला बांधून पट्ट्यानं मारायचे, हे खुद्द अण्णा हजारेंनीच सांगितलेलं आहे. देशभर कौतुक झालं, आदर्श गाव म्हणून. मला ते कौतुक पचत नाही. गावातला खांब आणि गावातला पट्टा आपल्या बापजाद्यांनी फार जवळून बघितलाय. आज दारूसाठी बांधलं, उद्या फोन वाजला म्हणून बांधतील. दारू सुटायला पाहिजे पण खांबावर सुटायला नको. मारून सुटलेली दारू माणसाच्या अंगात भीती होऊन राहते, आणि भ्यालेला माणूस आपल्याला चालत नाही. मी शिर्डीच्या खोलीत भ्यालेलाच होतो, तेही पिऊन. दारूनं माणूस धीट होतो म्हणतात ते थोतांड आहे. धीट होतो तो बायकोपुढं.

हे झालं त्यांचं. आता आपलं.

आपल्या चळवळीत, आपल्या या छोट्या अंकाभोवती जमणाऱ्या पोरांत, एक अंधश्रद्धा आहे. कवी प्यायला पाहिजे. प्याल्याशिवाय आतली आग बाहेर येत नाही. मोठमोठ्या कवींची नावं घेऊन सांगतात, अमका इतकी प्यायचा, तमका गुत्त्यात बसून लिहायचा. अरे, त्यांनी लिहिलं ते लिहून गेले, तुम्ही त्यांची फक्त क्वार्टर उचलली. मी माझ्या पुरतं सांगतो. प्यालेल्या रात्री मला जगातली सर्वांत मोठी कविता सुचलेली असते, सकाळी वहीत 'समुद्र' एवढा एकच शब्द असतो, तोही चुकीचा लिहिलेला. माझ्या ज्या चार कविता बऱ्या आहेत त्या दुपारच्या सुट्टीत, डब्याच्या झाकणावर वही ठेवून लिहिलेल्या आहेत.

सभा संपली की आपण बसतो. सभेत जे बोलायचं राहिलं ते तिथं बोलतो, आणि सकाळी कोणालाच आठवत नाही. ठराव सभेत होतात, भांडणं टेबलावर होतात, गट टेबलावर फुटतात. चळवळीतल्या बाया-पोरी सभेला येतात, बसायला येत नाहीत. त्यामुळं खरी बैठक कुठली आणि दाखवायची कुठली, हे त्यांना आपल्याआधी कळलेलं आहे. एकीनं मला तोंडावर सांगितलं, 'दादा, तुमचे निर्णय रात्री साडेदहाला होतात. आमची शेवटची लोकल पकडायची वेळ असते ती.' माझ्याकडं उत्तर नव्हतं. तुमच्याकडं असेल तर कळवा.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यातली एक दारूची आहे. पंचशीलातलं पाचवं शील तेच आहे. आपण विहारात हात जोडून ते म्हणतो, घशातून नीट उच्चार काढून म्हणतो, आणि त्याच घशातून. जाऊ दे. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या मागं काय चालतं ते मी लिहिलं तर म्हणतील आपलीच धुणी बाहेर धुतो. आपला अंक आपल्याच घरात वाचला जातो, म्हणून इथं लिहितो.

सहा डिसेंबरला शिवाजी पार्कला या. पाळी करून मी दरवर्षी जातो. विदर्भातून, मराठवाड्यातून बाया येतात, गाठोड्यात भाकरी, कडेवर पोर. रात्र रात्र रांगेत. मग पुस्तकाच्या स्टॉलवर वाकून, कनवटीचे पैसे मोजून एक पुस्तक घेतात, कधी वाचता येत नसलं तरी नातवासाठी घेतात. लाखो माणूस असतं. कोणाला कोणी 'बसायचं का' विचारत नाही, सगळे तसेच बसलेले असतात, मैदानात, रस्त्याकडेला, चौपाटीच्या वाळूत. तिथं माझा फोन वाजतो तेव्हा माझ्या लक्षातच येत नाही, कारण आजूबाजूला शंभर फोन तेच गात असतात. वर्षाचा तो एकच दिवस असा का, हा माझा प्रश्न आहे.

टोळीत आता मी बसायला जात नाही म्हणून थोडं अवघड झालंय. मामा, म्हणजे आमच्यातला सगळ्यात जुना माणूस, म्हणाला, 'डॉक्टरनं सांगितलं का?' मी नाही म्हटलं. 'मग घरचं काय झालं?' तेही नाही म्हटलं. मामा गोंधळला. परवा सुटताना म्हणाला, 'बसू नको, पण चल तरी. चहा घे.' चहाच्या टपरीवर तो आणि मी उभे राहिलो, तो त्याच्या पोरीच्या लग्नाचं कर्ज सांगत होता. पाच वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की त्याला पोरगी आहे. मुकादमानं अजून काही विचारलं नाही. त्याच्या यादीत मी आहे की नाही ते पुढच्या महिन्याच्या हजेऱ्यांत कळेल. या आठवड्यात चारच भरल्यात.

संपादक, शेवटी एक हिशेबाची गोष्ट. मागच्या अंकाच्या जमाखर्चात 'प्रवास व इतर' या नावाखाली ११४० रुपये दाखवलेत. त्यातले ३० बसचे. राहिलेले १११० म्हणजे 'इतर', आणि ते इतर काय होतं ते मला ठाऊक आहे, कारण आपण तिघं होतो आणि त्यातला तिसरा हिस्सा मी प्यालो. ही वर्गणी कोणाकोणाच्या खिशातून आली त्या यादीत कचरा वेचणाऱ्या दोन बायांची प्रत्येकी वीस रुपयांची पावती आहे, ती मीच फाडली होती. माझ्या वाट्याचे ३७० रुपये या लेखासोबत पाकिटात ठेवलेत. जमेच्या बाजूला मांडा. लेख छापायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण पैसे परत पाठवू नका. बाकी दोघांची नावं मी लिहीत नाही.